चारशे बारा नंबरची ओळ

कॉम्प्युटरचं काही चुकलं की तो एक ओळ लिहून ठेवतो. किती वाजता, कुठल्या कामात, काय झालं. अशा ओळी जिथे साठत जातात त्याला लॉग म्हणतात. पण ती ओळ कॉम्प्युटरच्या डोक्यातली नसते. प्रोग्राम लिहिणाऱ्याने 'असं झालं तर असं म्हण' म्हणून ती आधीच घालून ठेवलेली असते. म्हणजे कॉम्प्युटर बोलतो तेव्हा खरं तर सहा महिन्यांपूर्वी कुणीतरी प्रोग्रामर बोललेला असतो आणि आता विसरलेला असतो. ती ओळ कोडात नेमकी कुठे आहे ते शोधायचं आणि त्या विसरलेल्या माणसाला तिच्यासमोर आणून उभं करायचं, हे माझं काम. चौदा-पंधरा वर्षं केलं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. इंग्रजी येत नव्हतं, अजूनही येत नाही. एबीसीडी येते. त्या कामाला तेवढी पुरते, आणि जास्त आलं तर नडतं. कसं ते सांगते.

नव्वदनंतरची गोष्ट. हुबळीच्या विद्यानगरात एका बंगल्याच्या खालच्या मजल्यावर एक कंपनी निघाली. हॉस्पिटलं, दूध डेऱ्या, कारखान्यांची स्टोअर्स यांच्यासाठी प्रोग्राम लिहायची. मालकाला सगळे अण्णा म्हणत. मला झाडलोट आणि चहा यासाठी ठेवलं होतं. जुन्या हुबळीतून बसने जायची. तेव्हा कोड कागदावर छापून ठेवत. लांबच्या लांब, घड्या पडलेला, दोन्ही कडांना भोकं असलेला कागद. पोरं तो छापायची आणि खुर्चीवर टाकून जायची. खुर्ची झाडायची तर कागद उचलायला हवा, उचलला तर कुठेतरी ठेवायला हवा. मी गठ्ठे बांधून कपाटात लावायला लागले. वर्षभरात अशी वेळ आली की कुठला गठ्ठा कुठे आहे हे कंपनीत एकट्या मला माहीत.

मग फोन माझ्याकडे आला. गिऱ्हाईक कन्नडमध्ये नाहीतर मराठीत बोलणार, चिडून बोलणार. फोन वाजला की चारही प्रोग्रामरांना एकाच वेळी लघवीला लागायची. शेवटी एकदा मीच उचलला.

तारिहाळच्या एका कारखान्यात एक स्टोअरकीपर होते. वयस्क, सज्जन, आणि कॉम्प्युटरला भिणारे. स्क्रीनवर काही आलं की आधी बटण बंद करायचे, आणखी वाढू नये म्हणून. मग फोन करायचे.

"अक्का, आगंगिल्ल अंतैती री."

म्हणजे, होत नाही म्हणतंय.

"काय होत नाही?"

"ते काही सांगत नाही. एकूण त्याचं मन नाही."

"लिहिलं काय होतं?"

"काहीतरी फाईलबद्दल तक्रार होती. सूर जरा रागाचा होता."

मी त्यांना सांगितलं, अर्थ सांगू नका, अक्षरं सांगा. एक एक अक्षर. ते म्हणाले, तुम्हाला समजणार आहे का? म्हटलं, नाही, म्हणूनच चूक होणार नाही.

हे खरं होतं. इंग्रजी येणारी माणसं ओळ वाचून अर्थ डोक्यात घेतात आणि मग तो अर्थ शोधत बसतात. कोडात अर्थ सापडत नाही, अक्षरं सापडतात. मी अक्षरं कागदावर उतरवून घ्यायची आणि तशीच्या तशी गठ्ठ्यात शोधायची. पुढे गठ्ठे गेले, सगळं कॉम्प्युटरमध्ये आलं. शोधायची चौकट आली. अक्षरं टाइप करायची, बटण दाबायचं, जागा पुढ्यात. मला ते शिकायला एक दुपार लागली. अण्णा म्हणाले, "अक्का, आता इंग्रजीही शिकून टाका." म्हटलं, नको, मग मीपण या पोरांसारखी अंदाज बांधायला लागेन.

आता अडचण काय होती ते सांगते. आमच्या गल्लीत 'अण्णा' म्हणून हाक मारली तर सात माणसं मागं वळून बघतात. प्रोग्रामरांनी ओळी तशाच लिहिल्या होत्या. 'एरर इन सेव्ह'. शोधलं तर त्रेसष्ट ठिकाणी सापडायचं. आमच्यातला जुना प्रोग्रामर गिरीश, हुशार, धारवाडचा, जरा आळशी. त्याला विचारलं, या त्रेसष्टातली कुठली?

"अक्का, सगळ्यांचा अर्थ एकच आहे की."

"गिऱ्हाइकाचा घोटाळा एकच नाही. त्रेसष्ट दारं आणि सगळ्यांवर एकच पाटी. पोस्टमन काय करील?"

"तो पत्र परत नेईल."

"मग घे परत." मी फोन त्याच्या हातात दिला. पुढच्या आठवड्यात त्याने त्रेसष्ट वेगवेगळ्या ओळी केल्या.

दुसरी खोड म्हणजे तुकडे जोडायचे. एकीकडे 'कुड नॉट' लिहून ठेवायचं, दुसरीकडे 'ओपन', तिसरीकडे फाईलचं नाव, आणि ऐन वेळी जोडून स्क्रीनवर सोडायचं. गिऱ्हाईक पूर्ण वाक्य वाचून दाखवतो, आणि ते वाक्य कोडात कुठेच नाही. मी एकदा अख्खा दिवस घालवला. मग सगळ्यांना उभं करून सांगितलं, सोऱ्यातून चकली बाहेर पडली तर ती चकली मी पिठाच्या डब्यात कशी शोधू? वाक्य एकसंध लिहा. ठरलेले शब्द आधी, बदलणारी नावं आणि आकडे शेवटी. आणि दिसायला छान म्हणून एक वाक्य दोन ओळींत तोडू नका, शोधणारीला अर्धंच हाती लागतं.

एकदा बेंगळूरूहून एक मॅनेजर आले. त्यांना आमच्या ओळी उर्मट वाटल्या. त्यांनी निम्म्याहून जास्त ओळी काढून तिथे 'सॉरी, समथिंग वेंट राँग' घातलं. माफ करा, काहीतरी चुकलं. महिनाभर हुबळी-धारवाडातलं प्रत्येक गिऱ्हाईक मला फोनवर माफी वाचून दाखवत होतं. मॅनेजर गेले. ओळी परत यायला चार महिने लागले.

तोवर प्रोग्रामर चाळीसच्या वर झाले होते आणि कोड एवढं झालं होतं की कुणा एकाला सगळं माहीत नव्हतं. म्हणून मी नंबरांची वही काढली. नवी ओळ लिहायची असली की माझ्याकडे यायचं. ओळ वाचून दाखवायची, तिचा अर्थ मला मराठीत सांगायचा. मला पटलं तर पुढचा नंबर मिळायचा आणि तो ओळीच्या सुरुवातीला घालायचा. एक नंबर, एक ओळ, एक जागा. पोरं म्हणायची, रेशनच्या रांगेत बरं असतं, तिथे निदान अर्थ विचारत नाहीत. मी लक्ष दिलं नाही. मला त्या वहीचा फार अभिमान होता. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

गावातल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये आमचा प्रोग्राम होता. तिथल्या लॅबमध्ये रक्ताच्या तपासणीचे आकडे एक मुलगी कॉम्प्युटरवर टाइप करायची. एका म्हाताऱ्या पेशंटचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि ऐन वेळी त्याचा साखरेचा रिपोर्ट कॉम्प्युटरमध्ये नाही. ऑपरेशन पुढे ढकललं. पेशंटच्या मुलाने आरडाओरडा केला. लॅबच्या डॉक्टरबाईंचा मला फोन आला.

"आमची मुलगी म्हणते आकडे टाइप केले होते. इथे तर नाहीत. बघून सांगा."

लॉगमध्ये काय आहे विचारलं. त्यांनी अक्षरं सांगितली. चारशे बारा नंबर, 'एंट्री कॅन्सल्ड बाय ऑपरेटर'. मी टाइप केलं, बटण दाबलं, जागा समोर आली. टाइप करणाऱ्याने रद्द करायचं बटण दाबलं की ही ओळ पडायची. वहीत बघितलं, तिथेही तेच.

"बाई, तुमच्या ऑपरेटरनेच रद्द केलंय. आमच्याकडून काही नाही."

गॅसवरचा चहा उतू जायच्या आत मी निकाल दिला होता. अण्णांना सांगितलंही, बघा, नंबर असले की कसं होतं.

चार दिवसांनी एक मुलगी ऑफिसात आली. विशी-बाविशीची, किडकिडीत. चप्पल बाहेर काढून सरळ माझ्या टेबलापाशी.

"फोनवरच्या अक्का तुम्हीच काय?"

"मीच. काय काम?"

"मी शोभा. लॅबमध्ये टायपिंग करत होते. तुम्ही सांगितलंत म्हणून मला घरी बसवलं."

"मी तुझं नाव घेतलं नाही."

"टायपिंगला मी एकटी आहे. ऑपरेटर म्हटल्यावर दुसरं कुणाचं नाव निघणार?"

मी म्हटलं, "चुकून बटण दाबलं असशील."

"दाबलं असतं तर दाबलं म्हटलं असतं की. चूक झाली म्हटलं असतं तर बाईंनी ओरडून सोडून दिलं असतं. मी नाही म्हटलं म्हणून खोटारडी ठरले. नोकरी त्यापायी गेली, बटणापायी नाही."

ती अळणावरकडच्या गावची, इथे मावशीकडे राहून काम करायची. लॅबमध्ये पेशंटचा रिपोर्ट पुसून खोटं बोलली, एवढीच बातमी गावात पोचली होती. दुसऱ्या दोन लॅबांत विचारून आली होती. तिथेही बातमी तिच्या आधी पोचलेली.

मला तिचा कळवळा आला असं नाही. पण खोटं बोलणारा माणूस सोपी वाट धरतो, आणि हिने अवघड धरली होती. ते डोक्यात बसलं. तिला विचारलं, त्या वेळी नेमकं काय चाललं होतं.

"काही नाही. आकडे टाकले, सेव्ह केलं, स्क्रीनवर पुढच्या पेशंटचं कार्ड उघडलं. हां, काउंटरवरचा बसवराज तेव्हा तिथल्या कॉम्प्युटरवर त्याच पेशंटचा पत्ता बदलत होता. मला ओरडून विचारत होता, गल्लीचं नाव काय म्हणून."

मी परत चारशे बारा शोधलं. तीच जागा आली. शोभा माझ्या मागे उभी राहून बघत होती.

"ते शेजारचं बटण कसलं?"

"पुढचं शोधायचं."

"मग दाबा की."

"त्याची गरज नसते. एका नंबरची एकच ओळ असते."

"असू दे की. दाबलं तर काय जातंय?"

वही काढल्यापासून मी ते बटण दाबलं नव्हतं. वहीत एकदाच आहे तर कोडात एकदाच असणार, असं मी धरून चालले होते. दाबलं. दुसरं चारशे बारा समोर आलं, भलत्याच फाईलमध्ये, अक्षर न अक्षर तेच. आणखी एकदा दाबलं. तिसरं नव्हतं.

गिरीशला बोलावलं. आता त्याला दोन मुलं होती आणि हाताखाली आठ जण.

"हे कुणाचं?"

त्याने वाकून बघितलं. "माझंच."

"काय करतं हे?"

"दोघांनी एकाच वेळी एकच कार्ड उघडलं, तर नंतर उघडणाऱ्याने लिहिलेलं टाकून देतं. नाहीतर दोन्ही मिसळतील."

"म्हणजे बसवराजने कार्ड उघडलेलं होतं म्हणून हिचे आकडे प्रोग्रामने टाकले. आणि ओळ म्हणते, ऑपरेटरने रद्द केले."

"तो सगळा तुकडा मी पहिल्या जागेवरून उचलला होता, अक्का. ओळीसकट. काम तसंच होतं, म्हणून."

"नंबर मागायला का आला नाहीस?"

त्याने शोभाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आदल्या दिवशी तुम्ही मला एका नंबरासाठी पाऊण तास उभं केलं होतं. वाक्य तीनदा बदलायला लावलं. म्हटलं, आता हाच राहू दे, मग बदलू."

"मग म्हणजे कधी?"

"आत्ता म्हणा की."

एरवी मी त्याला सोडलं नसतं. पण त्याचा आळस आणि माझा जाच, यात किती कुणाचं ते मला तेव्हा ठरवता आलं नाही. आजही येत नाही.

अण्णा आले. सगळं ऐकून म्हणाले, "दुरुस्त करून टाकू. नवीन भाग हॉस्पिटलला पाठवू. गाजावाजा कशाला?"

"आणि ही?"

तोवर त्यांनी शोभाला बघितलंच नव्हतं. बघितलं आणि खाली बसले. त्यांचं भय मला कळत होतं. त्या हॉस्पिटलच्या शब्दावर आणखी तीन हॉस्पिटलं आमच्याकडे आली होती.

"अण्णा, फोनवर बोलले मी. तर जाऊन सांगणार पण मी. तुम्ही आलात तर बरं दिसेल. नाही आलात तरी मी निघाले."

अण्णा आले.

डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "त्या दिवशीही तुम्ही इतक्याच खात्रीने बोलत होता."

"हो. त्या दिवशी मी अर्धंच शोधलं होतं. आज सांगत नाही, दाखवते."

एक खोट्या नावाचं कार्ड केलं. बसवराजने काउंटरवर ते उघडून ठेवलं. शोभाने आकडे टाइप केले, सेव्ह केलं आणि दोन्ही हात डोक्याच्या वर धरले. आकडे गेले. लॉगमध्ये ओळ आली, ऑपरेटरने रद्द केलं. शोभाचे हात अजून वरच होते. बाईंनी स्क्रीन बघितली, हात बघितले.

"खाली घे ते. उद्यापासून ये कामावर."

"नाही येत, बाई."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करणार?

"आज मी हात वर केले आणि तुम्ही सगळे बघत उभे होता," शोभा म्हणाली. "उद्या कोण बघत बसणार आहे? परत काही गेलं की परत ऑपरेटर. आधी ती ओळ बदला. मग येते." आणि नमस्कार करून गेली.

लिहिलेलं टाकून देणंच थांबवायचं तर प्रोग्राम बराच बदलायला हवा होता, त्याला दोन महिने लागणार होते. तोवर निदान ओळ तरी खरी हवी. गिरीशने नवी ओळ लिहून आणली. 'रेकॉर्ड नॉट सेव्ह्ड'.

"अर्थ सांग."

"नोंद सेव्ह झाली नाही."

"कुणामुळे?"

"ते कशाला लिहायचं?"

"जुन्या ओळीत लिहिलंय की, ऑपरेटरने म्हणून. तिची चूक असली की तिचं नाव, आणि तुमची असली की 'झाली नाही'?"

अण्णा म्हणाले, "अक्का, ही ओळ सगळ्या गिऱ्हाइकांना दिसणार आहे."

"दिसू दे. खोटी होती तीपण सगळ्यांना दिसत होतीच."

दोन दिवस वाद चालला. शेवटी जी ओळ ठरली तिचा अर्थ असा होता: ऑपरेटरने सेव्ह केलेली नोंद प्रोग्रामने टाकून दिली, कारण कार्ड दुसरीकडे उघडं होतं. लांबलचक, दिसायला वाईट. मी तिला नंबर दिला. मग वहीतला एक एक नंबर घेऊन ते शेजारचं बटण दाबत गेले. त्याला दीड महिना लागला. आणखी अकरा जोडनंबर सापडले. सहा गिरीशचे, चार इतरांचे. एक माझा. एकच नंबर मी दोघांना दिला होता. वहीत स्पष्ट दिसत होतं, माझ्याच अक्षरात.

शोभाची ओळ आठ दिवसांत हॉस्पिटलमध्ये बसवली. त्या दिवशी मीही गेले. तिला निरोप पाठवला होता, ती आली. खुर्चीत बसली नाही. उभ्या उभ्याच बसवराजला कार्ड उघडायला लावलं, आकडे टाकले, सेव्ह केलं. ओळ आली. तिला इंग्रजी येत होतं. तिने ती मनात वाचली, मग पुन्हा ओठ हलवत वाचली.

"प्रोग्रामने टाकली, असंच लिहिलंय," ती म्हणाली.

"मग काय तर."

तिने खुर्ची ओढली आणि बसली. मी बसमधून येताना तिला काय म्हणायचं ते ठरवून आले होते. मला माफी मागायची सवय नाही, म्हणून आधी जुळवून ठेवलं होतं.

"शोभा, त्या दिवशी फोनवर मी जे..."

तिने ट्रेमधल्या तपासणीच्या चिठ्ठ्या उचलल्या. बारा दिवसांत तिच्या जागी बसवलेल्यांनी अर्ध्या तशाच ठेवल्या होत्या. गठ्ठा टेबलावर आपटून तिने कडा सरळ केल्या.

"अक्का, जरा बाजूला सरका. उजेड अडतोय."

मी सरकले. ती टाइप करायला लागली.